रविवारचं हाड आणि सोमवारची उलटी: कुत्र्याला हाड बाधलं तर काय तपासायचं, कुठे थांबायचं

काल-परवा घरात मटण किंवा चिकन झालं असेल आणि आज कुत्र्यात खालचं काही दिसत असेल, तर संशय आधी हाडावर घ्या.

लक्षणं

- शी करायला बसतो, कुंथतो, उठतो, दोन पावलं जाऊन परत बसतो. झालीच तर पांढुरकी, कोरडी, काडीने दाबली की खडूसारखा भुगा होणारी. कधी टोकाला रक्ताचा थेंब.
- उलटी होते. पिवळ्या पाण्यात हाडाचे तुकडे असतात, किंवा खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर येतं.
- पंजाने तोंड घासतो, जबडा नीट मिटत नाही, लाळ गळते.
- सारखे आवंढे गिळतो, मान पुढे ताणतो. पाणी प्यायलं की लगेच परत येतं.
- एकाच बाजूने चावतो, कडक काही दिलं की तोंडातून टाकून देतो. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी एका डोळ्याखाली सूज येते.
- पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून उभा राहतो. पोट दुखतंय, असा याचा अर्थ.

गेली अकरा वर्षं मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ कुत्र्यांचं पाळणाघर चालवते. गावाला जाणारे लोक आपलं कुत्रं माझ्याकडे ठेवून जातात आणि त्याच ओळखीने काही झालं की पहिला फोन मला करतात. सोमवारी सकाळी सातच्या आत फोन वाजला तर तो हाडाचाच, हे आता सवयीने कळतं. धुळवडीनंतर, आखाडात, गटारीच्या दुसऱ्या दिवशी, कुणाकडे जागरण-गोंधळाला बोकड पडला की असे फोन वाढतात. मी डॉक्टर नाही. पण डॉक्टरांकडे पळायचं की घरी सांभाळायचं, हे पहिल्या दहा मिनिटांत ठरवायला मी कित्येक घरांना मदत केली आहे. ती दहा मिनिटं इथे लिहून ठेवते.

ही लक्षणं असतील तर पुढचं वाचू नका, गाडी काढा

श्वास घेताना घरघर होतेय किंवा जीभ निळसर पडलीये. हिरड्या पांढऱ्याफटक आहेत. पोट ढोलासारखं फुगलंय आणि नुसते उमाळे येतायत, बाहेर काहीच पडत नाही (जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये हे पोटाला पीळ पडल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्यात तास-दोन तासांनीही फरक पडतो). उलटीत किंवा शीमध्ये भरपूर रक्त आहे, किंवा शी डांबरासारखी काळी आहे. पाण्याचा घोटसुद्धा टिकत नाही. उठवलं तरी उठत नाही. यातलं एक जरी असेल तर घरचे उपाय बंद. निघता निघता डॉक्टरांना फोन करा, म्हणजे ते तयारीत राहतील.

आणि एक गोष्ट सगळ्यांच्या आधी, कारण ती कुत्र्यापेक्षा तुमच्या जिवाशी निगडित आहे. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, हे दिसलं की आपण म्हणतो, "घशात हाड अडकलं वाटतं", आणि सरळ तोंडात हात घालतो. पिसाळलेलं कुत्रंही अगदी असंच दिसतं. रेबीजच्या एका प्रकारात जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात. गल्लीतलं कुत्रं असेल, किंवा घरच्या कुत्र्याचं रेबीजचं इंजेक्शन वेळेवर झालेलं नसेल, तर तोंडात हात घालायचा नाही. त्याला एका खोलीत बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा. चुकून दात लागला किंवा ओरखड्यावर लाळ लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

आता तपासणी. जिला काही लागत नाही ती आधी.

१. कुणी, काय, कधी दिलं

याला पैसे लागत नाहीत, पण सगळ्यात अवघड हेच जातं, कारण कुणी कबूल होत नाही. आजोबांनी ताटाखालून नळी सरकवलेली असते, पाहुण्यांच्या मुलाने गंमत म्हणून तंगडी पुढे केलेली असते, कामाच्या मावशींनी उष्टं मायेने त्याच्या भांड्यात टाकलेलं असतं. आवाज चढवून विचारलंत तर खरं बाहेर येणार नाही. मी घरच्यांना एवढंच सांगते, "कोण चुकलं ते नको, कुठलं हाड होतं तेवढं सांगा." मग आजोबा स्वतःच बोलतात.

नंतर उरलेली हाडं मोजा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण मी करायलाच लावते. वर्तमानपत्र पसरायचं आणि ताटातली, कचऱ्यातली हाडं त्यावर मांडायची. सिडकोतल्या एका घरी आम्ही असंच बसलो होतो. चार तंगड्या आणल्या होत्या. नडगीची चार जाड हाडं कागदावर आली. पण कोंबडीच्या नडगीला चिकटून सुईसारखं एक बारीक हाड असतं, एका बाजूला टोकदार. ती चार हवी होती, आमच्या कागदावर तीनच आली. चौथं त्यांच्या पगच्या पोटात होतं. ही एक गोष्ट डॉक्टरांना सांगता आली, म्हणून एक्स-रेत काय शोधायचं ते त्यांना आधीच माहीत होतं.

हाड शिजलेलं होतं की कच्चं, हेही विचारा. पायाचं सूप रात्री फ्रीजमध्ये ठेवलं की सकाळी जेलीसारखं थरथरतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. ती जेली हाडातूनच आलेली असते. हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फेटसारखी खनिजं असतात आणि उरलेल्यात मुख्य असतं ते कोलॅजन, म्हणजे हाडाला लवचिक ठेवणारा चिवट धागा. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये तो धागा विरघळून रश्श्यात उतरतो. ताटात राहतं ते ठिसूळ हाड. दाढेखाली आलं की ते वाकत नाही, फाटतं, आणि त्याच्या कडा तुटलेल्या बशीसारख्या होतात. भाजलेल्या, तळलेल्या, तंदूरच्या हाडांचंही तेच.

तिसरा प्रश्न मसाल्याचा. आपल्याकडचा काळा रस्सा म्हणजे भाजलेला कांदा, लसूण, खोबरं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि त्याचा परिणाम त्याच दिवशी नाही, दोन ते पाच दिवसांनी दिसतो: लघवी चहासारखी तपकिरी, हिरड्या फिक्या, कुत्रं मरगळलेलं. म्हणजे हाड सुखरूप बाहेर पडलं तरी रश्श्याचं काम पुढे चालू राहू शकतं. लघवीचा रंग आठवडाभर बघा. विषय निघालाच आहे तर सांगते, द्राक्षं आणि बेदाणेही कुत्र्याला द्यायचे नाहीत, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आपल्या नाशिकला जानेवारी ते मार्च घरोघरी द्राक्षांच्या पेट्या जमिनीवर ठेवलेल्या असतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

२. हिरड्या, श्वास, ताप

वरचा ओठ उचला. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबा, सोडा. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण नीट चालत नाहीये, म्हणजे दवाखाना. हिरडी चिकट, कोरडी लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

झोपलेल्या किंवा शांत बसलेल्या कुत्र्याची छाती मिनिटाला तीसपेक्षा जास्त वेळा वरखाली होत असेल तर काहीतरी बिनसलंय. ताप गुदद्वारातूनच मोजायचा. साध्या डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावा. १०० ते १०२.५ अंश फॅरेनहाइट म्हणजे ठीक. १०३ च्या वर आणि सोबत उलटी किंवा पोटदुखी असेल तर आतड्याला इजा झाल्याची शंका धरायची आणि निघायचं.

या तपासणीला मी इतकं महत्त्व देते, कारण कुत्रं दुखणं लपवतं. शेपूट हलते म्हणून "बरा आहे" म्हणणारी माणसं मी खूप पाहिली. हिरडी काही लपवत नाही.

३. तोंडात टॉर्च

कुत्रं ओळखीचं, लस झालेलं आणि शांत असेल तरच. एकाने मागून टॉवेलमध्ये धरायचं, दुसऱ्याने वरचा जबडा उचलायचा. टाळूकडे बघा. आडवं हाड दोन्ही बाजूंच्या वरच्या दाढांमध्ये कमानीसारखं अडकून बसतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कुत्रं वेड्यासारखं तोंड घासत असतं, ते यामुळेच. मोकळं दिसत असेल तर चमच्याच्या दांड्याने पुढच्या बाजूला सरकवा. एकदा जमलं नाही, दोनदा जमलं नाही, की सोडून द्या. तिसऱ्या प्रयत्नात ते घशात ढकललं जातं. जिभेखाली आणि जिभेच्या मुळाशीही बघा. काही दिसत नसताना बोटं आत फिरवायची नाहीत.

नळीच्या गोल चकतीचं वेगळंच असतं. खाटीक नळी आडवी कापून देतो, त्याची बांगडी होते. मगज चाटता चाटता ती खालच्या सुळ्यांवरून मागे सरकते आणि जबड्याला कडं घातल्यासारखी बसते. कुत्रं घाबरून डोकं आपटायला लागतं. थोडं खोबरेल लावून, सुळ्यांवरून तिरकी करून निघते का ते बघा. ओठ सुजले असतील तर ओढाताण करू नका. डॉक्टर गुंगी देऊन ती कापून काढतात, पाच मिनिटांचं काम. घरी पकड किंवा हॅकसॉ लावलेला मी एकदा पाहिलाय. बांगडी निघाली, पण सोबत सुळाही तुटला.

दात बघताना वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ बघा, गालाच्या मध्यावर येते ती. हाड फोडताना हिचीच बाहेरची फळी कपची उडाल्यासारखी निघते. आतला गुलाबी किंवा काळा ठिपका दिसला तर नस उघडी पडलीये. या दाढेची मुळं डोळ्याच्या अगदी खाली असतात, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी डोळ्याखाली गळू येतं आणि लोक डोळ्यात थेंब घालत बसतात.

४. शी

सोमवारचे निम्मे फोन इथेच संपतात. हाडाचं पचलेलं कॅल्शियम मोठ्या आतड्यात साचतं, पाणी शोषलं जातं आणि सिमेंटसारखा गोळा बनतो. खडूसारखी पांढरी शी म्हणजे हाड जठरात विरघळलं, खाली आलं, आता शेवटच्या वळणावर रखडलंय. हा या साऱ्या प्रकारातला त्यातल्या त्यात बरा शेवट.

फक्त दोन गोष्टींत गल्लत करू नका. जुलाबातही कुत्रं कुंथतं, पण तेव्हा थोडी थोडी पातळ, शेंबूड पडलेली शी येत असते. आणि नर कुत्रा पाय उचलून कुंथत असेल, लघवीचे थेंबच येत असतील, तर तो मुतखडा असू शकतो. ते वेगळं आणि तातडीचं दुखणं आहे. तसंच चार-पाच महिन्यांचं, लसी पूर्ण न झालेलं पिल्लू उलट्या आणि रक्ताचे जुलाब करत असेल, तर हाड विसरा आणि पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूच्या आजाराची, तपासणी करून घ्या.

५. पाण्याची परीक्षा

आत्तापर्यंत एक-दोनदाच उलटी झाली असेल आणि कुत्रं तरतरीत असेल, तरच हे करा. दोन-तीन चमचे पाणी वाटीत द्या आणि घड्याळ बघा. मिनिटभरात, पोटाला काही झटके न येता, पाणी तसंच बाहेर आलं तर अडथळा अन्ननलिकेत आहे. पोट आत-बाहेर होऊन, उमाळे येऊन अर्ध्या-एक तासाने आलं तर जठरात किंवा पुढे. दोन्हींत पुढचा घास द्यायचा नाही आणि निघायचं. पण पहिल्या प्रकारात जास्त घाईने निघायचं.

याचं कारण मला माझ्या भुऱ्याने शिकवलं. पांढरा, छोट्या चणीचा, पॉमेरेनियनसारखा. त्या रविवारी पाहुणे होते, मटणातला मणक्याचा तुकडा त्याला मिळाला. रात्री तो आवंढे गिळत होता. मला वाटलं पित्त झालं. मी केळं कुस्करून तूप घालून दिलं, ते त्याने पाच मिनिटांत तसंच बाहेर काढलं. सोमवारी वाट बघितली. मंगळवारी एक्स-रे काढला तेव्हा तो तुकडा हृदय आणि श्वासपटल यांच्या मध्ये अन्ननलिकेत रुतलेला दिसला. जठरात आम्ल असतं, तिथे हाड विरघळू शकतं. अन्ननलिकेत तसलं काही नसतं. हाड जिथे अडकतं तिथे भिंत दाबून तिचं रक्त थांबवतं, आणि एक-दोन दिवसांत तिथे भोक पडू शकतं. दुर्बिणीने काढण्यासाठी त्याला मुंबईला नेत होतो. इगतपुरीच्या पुढे कसारा घाट लागायच्या आत तो माझ्या मांडीवर गेला. रविवारी रात्रीच निघाले असते तर तो वाचला असता का, हे मला ठाऊक नाही. सोमवार मात्र मी माझ्या हाताने घालवला.

छोट्या कुत्र्यांची अन्ननलिका अरुंद असते. पॉमेरेनियन, शिह त्झू, पग, डॅशहाउंड घरात असेल तर आवंढे गिळणं कधीच पित्तावर ढकलू नका.

६. पोटावर हात

उभ्या कुत्र्याच्या पोटावर दोन्ही बाजूंनी तळहात ठेवा, बोटं खुपसू नका. मऊ लागतं का, की लगेच पाट्यासारखं ताठ करून घेतो? हात लावताच मान वळवून बघतो, गुरगुरतो? ताठ पोट आणि उलटी म्हणजे दवाखाना. एवढंच बघायचं. गाठ शोधत बसू नका, ते डॉक्टरांच्या हाताचं काम आहे.

घरी सांभाळता येण्यासारखं असेल तर

म्हणजे: शी कडक आहे, पण थोडी का होईना होतेय. उलटी नाही. हिरड्या गुलाबी. ताप नाही. खातोय, पाणी पितोय, बोलावलं की येतोय. हे सगळं जमत असेल तर चोवीस तास असं करा.

लाल भोपळा, आपलं डांगर, मीठ-फोडणी न घालता उकडून कुस्करा. पंधरा किलोच्या कुत्र्याला दोन चमचे, दिवसातून दोनदा, पातळ भातात. सोबत हाडं काढलेलं, नुसतं पाण्यात उकडलेलं चिकन थोडंसं. पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा. हळूहळू चालवा, चालण्याने आतडं हलतं. चोवीस तासांत मोकळी शी झाली नाही, किंवा मध्ये उलटी सुरू झाली, तर घरचा उपाय संपला.

एकदा शी झाली म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. तुकडा जठरात एक-दोन दिवस राहून मग पुढे सरकू शकतो. मी तीन दिवस लक्ष ठेवायला सांगते: भूक, उलटी, शी, आणि पोटावरचा हात.

हे करू नका

मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. टोकदार हाड जाताना चिरलं नसेल तर येताना चिरेल, आणि मिठाने रक्तातला सोडियम वाढून झटके येऊ शकतात. तोंडात तेल, तूप, एरंडेल ओतायचं नाही. गिळताना त्रास होत असलेल्या कुत्र्याच्या ते श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. "ब्रेड खाऊ घाल, हाडाला गुंडाळून बाहेर येतं" हा सल्ला गल्लीत सगळे देतात. अडथळा असेल तर तो ब्रेड त्यावर साचतो, आणि भूल द्यायची वेळ आली तर भरलेलं पोट धोक्याचं ठरतं. डॉक्टरांनी एक्स-रे बघून काही खायला घालायला सांगितलं तर ती गोष्ट वेगळी.

माणसांची वेदनाशामक गोळी, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, काहीही नको. जठराला जखमा, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी, हे हाडापेक्षा मोठं संकट होतं. माणसांचा एनिमाही नको, काही एनिमांतलं फॉस्फेट कुत्र्याला, विशेषतः लहान कुत्र्याला, मारू शकतं. आणि गुदद्वारातून हाडाचं टोक डोकावत असेल तर ओढू नका. दुसरं टोक आतल्या भिंतीत रुतलेलं असू शकतं.

डॉक्टरांकडे

नेताना तीन गोष्टी सोबत घ्या: उरलेल्या हाडाचा नमुना पिशवीत, शेवटच्या उलटीचा किंवा शीचा फोटो, आणि कागदावर वेळा. कधी खाल्लं, पहिली उलटी कधी, शेवटची शी कधी. लसींचं पुस्तक असेल तर तेही.

हाडात कॅल्शियम असल्यामुळे ते एक्स-रेत बहुधा दिसतं. प्लॅस्टिक किंवा कापड गिळलं असतं तर इतकं सोपं नसतं. अन्ननलिकेत असेल तर भूल देऊन दुर्बिणीने वर काढतात किंवा जठरात ढकलतात. जठरात गुळगुळीत, लहान तुकडा असेल तर बरेचदा सलाईन देऊन, पुन्हा एक्स-रे काढून वाट बघतात. आतड्यात अडकलं किंवा भोक पडलं तर शस्त्रक्रिया. शीचा गोळा घट्ट असेल तर गुंगी देऊन एनिमा देतात, कधी दोन-तीन दिवस लागतात. दुर्बिणीची सोय सगळीकडे नसते, म्हणून फोनवर आधी तेच विचारा, म्हणजे एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यात वेळ जाणार नाही. आणि तूपकट मगज, चरबी खाल्ल्यानंतर पोट दुखून सारख्या उलट्या होत असतील, तर डॉक्टरांना स्वादुपिंडाची सूज नाही ना, हे विचारायला विसरू नका. एक्स-रेत हाड दिसलं नाही म्हणून तो विषय संपत नाही.

तेच तेच परत का होतं

एकाच घरातून वर्षात चार फोन आले, असंही झालंय. प्रत्येक वेळी कुत्रं बरं होतं आणि घर विसरतं. माझं मत स्वच्छ आहे: घरच्या कुत्र्याला हाड देऊच नका. शिजलेलं तर मुळीच नाही. "मग कच्चं चालतं ना?" असं लगेच विचारतात. कच्चं कमी फाटतं हे खरं. पण दाढ त्यानेही तुटते, अन्ननलिकेत तेही अडकतं, आणि कच्च्या मांसावरचे साल्मोनेलासारखे जंतू कुत्र्याच्या तोंडातून, लादीवरून घरातल्या लहान मुलांपर्यंत आणि म्हाताऱ्या माणसांपर्यंत जातात. दुकानातली पाकिटातली भाजलेली हाडंही सुरक्षित नाहीत. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१७ साली अशाच हाडांबद्दल लोकांना सावध केलं होतं. त्यांच्याकडे ६८ च्या आसपास तक्रारी आल्या होत्या, त्यांत सुमारे ९० कुत्री होती आणि १५ च्या आसपास दगावली होती.

चावायला काहीतरी हवंच असतं, ती त्याची खरी गरज आहे, ती नाकारू नका. वस्तू निवडताना अंगठ्याचं नख रुतवून बघा. नख रुतत नसेल तर ती दातांसाठी जास्त कडक. या कसोटीत हाड नापास होतं, शिंग नापास होतं, याकच्या दुधाची कडक कांडीही नापास होते. फ्रीजमधलं गाजर पास होतं. जाड रबराच्या पोकळ खेळण्यात दही-भात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवलेला, तोही पास. माझ्याकडचा एक लॅब्रॅडॉर त्यावर चाळीस मिनिटं काढतो.

आजोबांना "देऊ नका" म्हणून उपयोग होत नाही, त्यांच्या हाताला काहीतरी द्या. सातपूरच्या एका घरी रविवारी जेवणाच्या आधी आजोबांच्या पाटाशेजारी एक छोटी वाटी ठेवतात, उकडलेल्या अंड्याचे बिनमिठाचे तुकडे घातलेली. कुत्रं तिथेच बसतं, आजोबा तिथूनच देतात. त्या घरून मला दीड वर्षात हाडाचा फोन आलेला नाही.

दुसरं कारण कचरा. रविवारी रात्रीची हाडं सोमवारी घंटागाडी येईपर्यंत ओट्याखाली उघड्या डब्यात असतात, आणि पहाटे तीनला डबा आडवा होतो. हाडं पिशवीत गाठ मारून थेट फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात टाका, घंटागाडीची गाणी ऐकू आली की काढा. आणि भटक्या कुत्र्यांना मिळावं म्हणून कोपऱ्यावर हाडं टाकत असाल तर तेही थांबवा. त्यांचं पोटही असंच फाटतं, त्यांना एक्स-रे काढायला कुणी नेत नाही. शिवाय सकाळी फिरायला निघालेलं शेजारचं कुत्रं तेच हाड उचलतं. गंगापूर रोडला, कॉलेज रोडला रात्री चिकनच्या गाड्या लागतात त्या जागांवरून सोमवारी सकाळी जाताना साखळी आखूड धरा, नजर रस्त्यावर ठेवा. "सोड" ही आज्ञा घरी गाजरावर शिकवा, म्हणजे रस्त्यावर हाड तोंडात आलं तरी ते परत घेता येतं.